मला विचारलं होतं का?

(श्रावणातल्या पालक-सभेत मंडळाच्या बालविभागातर्फे झालेलं भाषण. मध्ये मध्ये झालेली प्रश्नोत्तरं तेवढी गाळली आहेत.)



दरवर्षी या सभेत आम्ही बालविभागाच्या तिघी उभ्या राहतो त्या स्पर्धांच्या तारखा सांगायला. अथर्वशीर्ष कधी, चित्रकला कधी, नाट्यछटेला मिनिटं किती, वेशभूषेचे गट कोणते. ते सगळं बाहेर फळ्यावर लावलं आहे, जाताना बघून घ्या. आज आम्हांला दुसरंच बोलायचं आहे आणि त्याची सुरुवात आमच्याच चुकीपासून होते.

दोन वर्षांपूर्वीच्या उत्सवातले वेशभूषा आणि नृत्याचे फोटो आम्ही मंडळाच्या फेसबुक पानावर टाकले. शंभराच्या वर असतील. रात्री दीडपर्यंत जागून, मोठ्या हौसेनं. प्रत्येक फोटोखाली मुलाचं पूर्ण नाव, इयत्ता, शाळा आणि राहण्याचा भाग. एखाद्याचं नाव राहिलं तर दुसऱ्या दिवशी सकाळी पालकांचा फोन येतो, हे इथे बसलेल्या सर्वांना ठाऊक आहे, त्यामुळे हसू नका! त्यात सातवीतल्या एका मुलीचा फोटो होता. नऊवारी, नथ, कपाळाला चंद्रकोर, आणि चेहऱ्यावर अशी ऐट की तो फोटो सगळ्यांनी उचलून धरला.

नाताळच्या सुट्टीच्या सुमारास तिचे आईवडील आमच्याकडे आले. इन्स्टाग्रामवर तिच्या नावाचं एक खातं निघालं होतं. ते तिनं उघडलेलं नव्हतं. वर तोच नऊवारीतला फोटो, खाली शाळेचं नाव आणि वर्ग. त्या खात्यावरून वर्गातल्या मुलींना मैत्रीच्या विनंत्या गेल्या, आणि आपलीच मैत्रीण म्हणून बऱ्याच जणींनी त्या स्वीकारल्या. आधी गप्पा गृहपाठाच्या, उद्या टेस्ट आहे का, अशा. मग हळूहळू ‘तुझा एक फोटो पाठव ना’, आणि त्यानंतर ‘असा नको, तसा पाठव’. दोघींनी पाठवले. तिसरीला शंका आली ती कशावरून, ऐका. आपली मैत्रीण गुजरातीतला ‘छे’ इंग्रजी अक्षरांत लिहिताना नेहमी एकच ‘एच’ लावते, आणि हे खातं दोन लावत होतं. बारा वर्षांच्या मुलीनं एवढ्यावरून ओळखलं आणि आईला सांगितलं. तिनं सांगितलं नसतं तर काय झालं असतं, याचा विचार आजही करवत नाही.

वडिलांनी सायबर पोलिसांकडे तक्रार दिली, खातं बंद झालं. पुढचं पोलिसांच्या हातात आहे, त्याबद्दल इथे बोलणं योग्य नाही. पण त्या संध्याकाळी ती मुलगी आईवडिलांबरोबर आली होती. मोठी माणसं बोलत होती, ती गप्प होती. निघताना चपला घालता घालता तिनं विचारलं, “काकू, तो फोटो टाकताना मला विचारलं होतं का?”

विचारलं नव्हतं. तिच्या आईलाही विचारलं नव्हतं. विचारायचं असतं हेच आमच्या डोक्यात नव्हतं. पुढच्या वर्षी तिनं एकाही स्पर्धेत नाव दिलं नाही.

मुलांना शिकवायचं असं आम्ही तेव्हा ठरवलं, पण आधी आम्हांलाच शिकावं लागलं. आपल्या स्मरणिकेचंच घ्या. गुणगौरवाची पानं कित्येक वर्षं आपण छापतो: फोटो, विद्यार्थ्याचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, शाळा, टक्के. पूर्वी तिच्या मोजक्या प्रती निघत. एक देव्हाऱ्याच्या कपाटात, एक पुण्याच्या आत्याकडे, आणि उरलेल्या मंडळाच्या माळ्यावर. आता तीच स्मरणिका पीडीएफ होऊन तासाभरात न्यूजर्सीपर्यंत पोचते, आणि कुठून कुठे गेली याचा पत्ता कोणालाच नसतो. मजकूर तोच, पण वाचणारे आपण ओळखतो तेवढेच राहिले नाहीत. यंदा त्या पानांच्या पीडीएफमध्ये फोटो आणि पहिलं नाव एवढंच असेल. छापील प्रतीत पूर्वीप्रमाणे. ज्येष्ठांपैकी काहींना हे आवडलेलं नाही, त्यांच्याशी आम्ही भांडलो आहोत, आणि चहाही घेतला आहे.

आपल्या मराठी नावांचा एक घोळ असाही आहे की तीन शब्दांत आपण घराण्याची माहिती देऊन मोकळे होतो. स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. लग्नाच्या किंवा वाढदिवसाच्या फोटोखाली कौतुकानं ‘माहेरची अमुक’ असंही लिहितो. बँकेनं ओळख पटवण्यासाठी आईचं माहेरचं आडनाव विचारणं ही फार जुनी पद्धत आहे, हे आपल्यापैकी बँकेतून निवृत्त झालेले पाचसहा जण तरी सांगतील. महाराष्ट्र बोर्डाचा निकाल बघायला बैठक क्रमांक आणि आईचं नाव लागतं. आणि निकालाच्या दिवशी आपण काय करतो? गुणपत्रिकाच स्टेटसला लावतो.

तर वर्ग कसा घेतला ते सांगतो. सुरक्षेवर व्याख्यान दिलं की मुलं पाचव्या मिनिटाला पंख्याकडे बघतात, हे आम्हांला अनुभवानं माहीत. म्हणून एका शनिवारी आमच्यापैकी एकीच्या घरचा एकच फोटो मोठा छापून नेला. नातवाच्या वाढदिवसाचा, केक कापतानाचा, तिनं स्वतः व्हॉट्सॲपला लावलेला. मुलांचे चार गट केले आणि सांगितलं, हे घर तुम्हांला अनोळखी आहे असं समजा, आणि फोटोवरून काय काय कळतं ते लिहून काढा. वेळ दहा मिनिटं.

दहा मिनिटांनी घराची मालकीण घाबरली होती. भिंतीवर कालनिर्णय. आपण त्यावर दूध, गॅस, बाई कधी आली नाही, सगळं लिहितो. तिथे पुढच्या आठवड्यातल्या चार दिवसांवर गोल करून ‘नाशिक’ लिहिलेलं. म्हणजे चार दिवस घर बंद. फ्रिजवर नातवाच्या शाळेचं वेळापत्रक, त्यावर शाळेचं बोधचिन्ह. खुर्चीवर टाकलेला गणवेश. खिडकीतून दिसणारी स्कूटर आणि तिचा जीजे-०६ पासून सुरू होणारा पूर्ण नंबर. टेबलावर औषधाची पाकिटं. एका मुलीनं नाव वाचून सांगितलं, ही माझे आजोबा घेतात, डायबेटिसची. केकवर नाव आणि ‘८’ आकड्याची मेणबत्ती, म्हणजे नाव, वय आणि फोटो त्याच दिवशी लावला असेल तर जन्मतारीखही. एका चौथीतल्या मुलानं तर कपाटाच्या आरशात दिसणारं दार दाखवलं: दारावरची पाटी उलटी दिसत होती, ती त्यानं सुलटी वाचली. फोटोत चेहरे सात होते, आणि चेहऱ्यांकडे कोणीच बघितलं नव्हतं.

नंतर मुलांना सांगायला फारसं उरलं नाही. स्वतःच म्हणाली, फोटो काढण्याआधी मागे काय आहे ते बघायचं. एकानं त्याला ‘पाठ बघणं’ असं नाव दिलं आणि आता तोच शब्द वर्गात चालतो. “पाठ बघितली का?” गणवेशातला फोटो नको, दारासमोरचा नको, गाडीजवळचा काढला तर नंबर झाकायचा. सहलीचे फोटो घरी परत आल्यावर टाकायचे. हे शेवटचं मुलांपेक्षा पालकांना जड जातं. विमानतळावरचा फोटो विमानतळावरूनच गेला नाही तर तिकीट वाया गेल्यासारखं वाटतं बहुधा.

जे दिसत नाही त्याबद्दलही थोडं. मोबाइलच्या कॅमेऱ्यात लोकेशन चालू असेल तर फोटो कुठे काढला ती जागा अक्षांश-रेखांशासह फोटोच्या फाइलमध्येच नोंदली जाते. व्हॉट्सॲपवर नेहमीच्या पद्धतीनं फोटो पाठवला तर ही नोंद गळून पडते, पण ‘चांगला दिसावा’ म्हणून डॉक्युमेंट करून पाठवला तर ती तशीच जाते. आपल्याकडे नाटकाचे, मुंजीचे फोटो छायाचित्रकारमंडळी डॉक्युमेंट करूनच पाठवतात. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये जाऊन लोकेशन बंद करणं दोन मिनिटांचं काम आहे. आज सभा संपल्यावर मागच्या टेबलावर आमची दहावीतली दोन मुलं बसणार आहेत, ती करून देतील. स्नॅपचॅट वापरणाऱ्या मुलांच्या नकाशावर त्यांची जागा मित्रांना दिसू शकते, तिथे ‘घोस्ट मोड’ असतो, तेही ती दाखवतील.

‘एकदा बघा’ असा जो व्हॉट्सॲपचा प्रकार आहे, त्यावर मुलांचा फार भरवसा आहे. फोटो बघितला की नाहीसा होतो म्हणतात. समोरच्यानं दुसरा फोन घेऊन त्या पडद्याचाच फोटो काढला तर? हे वर्गात करून दाखवलं, तेव्हा दोन मुलींचे चेहरे उतरले. आम्ही काही विचारलं नाही. नंतर एक आपणहून येऊन बोलली.

आता आजी-आजोबांकडे वळतो, राग मानू नका. आम्हीही त्याच रांगेतल्या आहोत. वर्गात विचारलं, तुमचे फोटो सर्वांत जास्त कोण टाकतं? आम्हांला वाटलं होतं मुलं ‘मीच’ म्हणतील. उत्तर आलं, आजी. त्याखालोखाल बाबा. एका मुलाचा पाटावर बसून तेल लावून न्हाऊ घालतानाचा फोटो, तो दोन वर्षांचा असतानाचा, कुटुंबाच्या ग्रुपवर दर वाढदिवसाला येतो. तो आता अकरा वर्षांचा आहे. त्या ग्रुपवर चौऱ्याऐंशी माणसं आहेत आणि त्यातली निम्मी त्याला माहीत नाहीत. तो म्हणाला, “मी आजीला सांगितलं, तर ती म्हणाली, घरच्यांपासून कसली लाज!”

आजीचं प्रेम खोटं नाही. पण जुन्या अल्बममधला तसाच फोटो पाहुण्यांसमोर काढला की आपणही कधी काळी असेच उठून आत गेलो होतो, नाही का? आणि अल्बम परत कपाटात जायचा. शिवाय मुलानं ‘नको’ म्हटलेलं घरात कोणी ऐकत नसेल, तर बाहेर कोणी फोटो मागितला तेव्हा त्यानं ‘नको’ म्हणायचं कुठून शिकायचं? म्हणून आमची पालकांना एकच मुख्य विनंती आहे: मुलाचा फोटो कुठेही टाकण्यापूर्वी मुलाला विचारा. तीन वर्षांचं असलं तरी विचारा. ते नीट उत्तर देणार नाही, चालेल. नको म्हणालं तर टाकू नका, मग तो कितीही गोड असो. आमच्यापैकी एकीच्या नातीनं गेल्या महिन्यात चक्क भोंडल्याच्या जुन्या फोटोला नकार दिला. आजी रुसली, पण फोटो गेला नाही.

नवरात्र तोंडावर आहे. बडोद्याच्या गरब्यात फोटो काढू नका म्हणणं म्हणजे सुरसागरात उतरून कोरडं राहा म्हणण्यासारखं. काढा. पण मैदानावर आपल्या मुलीचा फोटो काढताना मागे दुसऱ्यांच्या मुली असतात, त्याही कोणाच्या तरी आहेत. मोठा करून बघा आणि कापा. आणि अमुक मैदान, अमुक गेट, रोज दहानंतर, असं लिहायचं काही कारण नाही.

वयाबद्दल. फेसबुक, इन्स्टाग्रामला तेरा वर्षं पुरी लागतात. आमच्या वर्गात दहा वर्षांची मुलं तिथे आहेत, आणि जन्मसाल खोटं टाकून दिलं आहे ते बहुतेकदा घरातल्याच मोठ्यानं. याचा एक तोटा पालकांच्या लक्षात येत नाही. इन्स्टाग्राम किशोरवयीन मुलांची खाती हल्ली आपोआप खासगी ठेवतं, अनोळखी माणसाचे निरोप अडवतं. पण दहा वर्षांच्या मुलाला तुम्ही कागदोपत्री बावीस वर्षांचा केलात, तर त्याला बावीस वर्षांच्या माणसासारखंच वागवलं जाणार.

कायद्याचं विचारलं होतं काहींनी. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठानं खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असा निकाल २४ ऑगस्ट २०१७ रोजी दिला. त्या दिवशी हरतालिका होती, दुसऱ्या दिवशी गणपती बसले, त्यामुळे आपल्यापैकी फार जणांनी तेव्हा पेपर वाचला नसावा. २०२३ मध्ये झालेल्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानं अठरा वर्षांखालच्या मुलाची माहिती वापरण्यासाठी पालकांची संमती आवश्यक मानली आहे. घरगुती वापराला तो कायदा लागू नाही, म्हणजे आजोबांच्या स्टेटसवर कोणी नोटीस धाडणार नाही. पण मंडळ म्हणजे घर नव्हे. आम्ही संमतीचा कागद सुरू केला आहे, तो कायद्याच्या धाकानं नाही. कारण मघाशी सांगितलंच आहे.

आता सर्वांत अवघड भाग. एवढं सगळं करूनही काही घडलं तर? हल्ली साध्या चेहऱ्याच्या फोटोवरून संगणक घाणेरडं चित्र तयार करतो. ज्या मुलीनं आयुष्यात एकही चुकीचा फोटो काढलेला नाही, तिचंही. म्हणून ‘तू काढलासच कशाला’ हा प्रश्न घरात उच्चारू नका. आम्ही मुलांना विचारलं, असं काही झालं तर घरी सांगाल का? बऱ्याच जणांनी माना हलवल्या: नाही. का? मार बसेल म्हणून नाही. “फोन काढून घेतील.” एवढ्यासाठी मूल एकटं आठवडेच्या आठवडे भीत बसतं, आणि धमकी देणाऱ्याला नेमकं तेच हवं असतं.

तेव्हा आज घरी जाऊन मुलाला शब्द द्या: ‘तू येऊन सांगितलंस म्हणून तुझा फोन जाणार नाही.’ आणि तो पाळा. आमच्याकडे दोन पालकांनी शब्द देऊन मोडला आहे. ती मुलं आता आम्हांलाही काही सांगत नाहीत.

घडल्यावर घाईनं सगळं पुसून टाकू नका. आधी स्क्रीनशॉट घ्या, त्या खात्याचं नाव आणि लिंक लिहून ठेवा, मग त्या ॲपमध्येच तक्रार करा. पैसे मागितले तर देऊ नका, एकदा दिले की मागणी वाढते. सायबर गुन्ह्यांसाठी केंद्र सरकारचं संकेतस्थळ आहे, तिथे स्त्रिया आणि मुलांबाबतची तक्रार नाव न सांगताही करता येते. पैशांची फसवणूक असेल तर १९३०. मुलांसाठी १०९८, चोवीस तास. मुलाचं उघडं चित्र पसरण्याची भीती असेल तर ‘टेक इट डाउन’ नावाची मोफत सेवा आहे. तिथे फोटो द्यावा लागत नाही. आपल्याच फोनवर त्या फोटोचा एक आकडी ठसा तयार होतो, तेवढाच पुढे जातो, आणि फेसबुक, इन्स्टाग्राम, स्नॅपचॅट अशा सहभागी कंपन्या त्या ठशावरून तो फोटो शोधून हटवतात. हे सगळं बाहेर फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं आहे. त्याचा फोटो काढा, त्याला आमची संमती आहे.

आपल्या सयाजीराव महाराजांनी १९०६ मध्ये राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, तेव्हा मूल शाळेत गेलं नाही तर दंड पालकांना होत असे. या सभागृहातल्या अनेकांचे पणजोबा त्या शाळांत शिकले. आज ही सभा मुलांची न ठेवता पालकांची ठेवली, ती त्यामुळेच असं समजा.

यंदाची व्यवस्था सांगून संपवतो. उत्सवात दाराशी दोन डब्या असतील. ज्या मुलाला आपला फोटो कुठेही जायला नको आहे त्यानं पिवळी फीत खांद्याला लावायची. आईवडिलांचा होकार असला आणि मुलाचा नकार, तर मुलाचं ऐकलं जाईल. छायाचित्रकारांना सांगितलं आहे, पिवळी फीत दिसली की कॅमेरा खाली. रंगमंचावरचे फोटो लांबून, गटाचे. नावं खाली नाहीत. ज्यांना आपल्या मुलाचा जवळचा फोटो हवा असेल त्यांनी तो मागून न्यावा, पेन ड्राइव्हवर.

या फिती कापून, काठ शिवून त्या मुलीनंच आणून दिल्या. ती आता नववीत आहे. शंभर केल्यात, कमी पडल्या तर अजून करीन म्हणाली. नाव दिलंस का कशात, असं आम्ही विचारलं नाही. काल नाट्यछटेची यादी करताना बघितलं तर शेवटच्या ओळीत तिचं नाव होतं, आणि पुढे कंसात ‘पिवळी’.

चला, चहा आला आहे. लोकेशन बंद करून घ्यायचं असेल त्यांनी मागच्या टेबलाकडे रांग लावा, आणि आजी-आजोबांना आधी जाऊ द्या.